मिरगी आणि एमबीबीएस

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि त्या यादीत भंडाऱ्याचे नाव होते. तोवर जिल्ह्यातल्या पोराला सरकारी कॉलेजात डॉक्टर व्हायचे तर नागपूर गाठावे लागे. २०१६ नंतर गोंदिया जवळ आले एवढेच. आता दरवर्षी शंभर मुलेमुली भंडाऱ्यातच एमबीबीएसला बसतील. पुढे बंधपत्राचे ग्रामीण सेवेचे वर्ष यांतले काही जण याच जिल्ह्यात काढतील. तुमसर तालुक्यातल्या चिखल्यासारख्या गावाचा पेशंट मग यांच्यापैकीच कुणाच्या तरी टेबलासमोर बसणार आहे.

चिखला म्हणजे मॉइल या सरकारी कंपनीची मॅंगनीजची भुयारी खाण, खाणीभोवती वाढलेली वस्ती, शेजारी डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आणि थोडे पुढे गेले की मध्य प्रदेशची हद्द. २०११च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती. देशभरातल्या पाहण्या एकत्र करून १९९९ मध्ये काढलेला आकडा सांगतो की दर हजारी साधारण साडेपाच माणसांना अपस्मार, म्हणजेच मिरगी असते. त्या हिशेबाने जिल्ह्यात साडेसहा हजारांच्या वर माणसे झाली. न्यूरॉलॉजिस्ट नागपुरात. तेव्हा या माणसांचे निदान, गोळ्या आणि गोळ्यांहून अवघड असलेल्या प्रश्नांची उत्तरे, सगळे साध्या एमबीबीएस डॉक्टरवर येऊन पडते. त्याला कॉलेजात मिरगीबद्दल काय कळते आणि मिरगीच्या माणसाकडे तो कसा पाहायला शिकतो, हा म्हणूनच साधा प्रश्न उरत नाही.

चिखल्याचे नाव निघाले की एक गल्लत आधीच दूर करायला हवी. मॅंगनीजच्या धुळीने मेंदूला इजा होते हे खरे. स्कॉटलंडमध्ये कूपर नावाच्या डॉक्टरांनी १८३७ मध्येच मॅंगनीज दळणाऱ्या कामगारांत ती नोंदवली होती. पण ती पार्किन्सनसारखी असते: चाल बिघडते, चेहरा थिजतो, अंग ताठरते. ती मिरगी नव्हे. खाणीच्या गावात मिरगीचा पेशंट आला की कारण खाणीतच शोधण्याचा मोह होईल, आणि खरे कारण भलतीकडे असेल.

लोक मिरगीकडे कसे पाहतात, याच्या पाहण्यांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत न्यूरॉलॉजिस्ट विल्यम कॅव्हनेस यांनी जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपच्या साहाय्याने १९४९ पासून १९७९ पर्यंत दर पाच वर्षांनी लोकांना तेच ते प्रश्न विचारले. हा आजार ऐकलाय का, हे एक प्रकारचे वेड आहे असे वाटते का, तुमच्या मुलाने अशा मुलाबरोबर खेळलेले चालेल का, अशा माणसाला नोकरी द्यावी का. आज कुठल्याही देशातली प्रश्नावली उघडा, हेच चार प्रश्न थोड्या फरकाने समोर येतात. केरळात कुरुपथ राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिथल्या जवळपास प्रत्येकाने अपस्माराचे नाव ऐकले होते. तरी २७ टक्क्यांना तो वेडाचा प्रकार वाटत होता आणि सुमारे ४० टक्क्यांच्या मते अशा माणसाला धड नोकरी करणे जमणार नव्हते. देशातल्या तेव्हाच्या सर्वांत साक्षर राज्यातली ही गत. वाचता येणे आणि भीती जाणे यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही, हे त्या पाहणीने दाखवून दिले.

मग डॉक्टर होऊ घातलेल्यांचे काय? नायजेरिया, सौदी अरेबिया, मलेशिया, पाकिस्तान, आणि आपल्याकडच्याही कॉलेजांतून वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहण्या झाल्या आहेत. त्या एकत्र वाचल्या की चित्र बहुतेक ठिकाणी सारखेच दिसते. मेंदूतल्या विजेच्या गडबडीने झटका येतो, तो संसर्गाने पसरत नाही, औषधाने आटोक्यात येतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते आणि वरच्या वर्षाला गेल्यावर अधिक पक्के होते. झटका चालू असताना काय करावे या प्रश्नावर मात्र गडबड होते. तोंडात काहीतरी घालावे, हातपाय दाबून धरावे असे उत्तर तिसऱ्या-चौथ्या वर्षातही निघते. आणि प्रश्न लग्नाचा आला की पुस्तकी ज्ञान बाजूला राहते. ‘अशा व्यक्तीशी तुम्ही लग्न कराल का?’ या ओळीपाशी भावी डॉक्टरचे उत्तर घरच्या आजीच्या उत्तराशी जुळू लागते.

या पाहण्यांवर माझा पूर्ण भरवसा नाही, हेही इथेच सांगतो. बहुतेक एकाच कॉलेजात होतात. प्रश्नावली तिथल्याच शिक्षकाने बेतलेली असते, वर्गात वाटली जाते आणि वर्गातच गोळा केली जाते. परीक्षेला बसून बसून तयार झालेली ही मुले. कुठले उत्तर बरोबर धरले जाईल हे त्यांना प्रश्न वाचतानाच कळते. ‘मिरगीच्या माणसाला समाजात समान वागणूक मिळावी’ यावर नाही म्हणणारा विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. त्याच विद्यार्थ्याने ओपीडीत पेशंटला काय सांगितले, ते कुणी जाऊन पाहिलेले नसते. शिकवण्याआधी आणि नंतर लगेच मोजलेला फरक छापून येतो, पण तोच विद्यार्थी तीन वर्षांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात काय करतो हे पाहणारे फार थोडे. तरीही इतक्या वेगवेगळ्या देशांतून त्याच दोन जागी, प्रथमोपचार आणि लग्न, भोक पडलेले दिसते, तेव्हा ते खरे मानावेच लागते.

प्रथमोपचाराचे भोक समजून घेण्यासारखे आहे. चप्पल हुंगवणे, कांदा नाकाला लावणे, मुठीत किल्ल्यांचा जुडगा देणे हे आपल्याकडे घराघरांत चालते. ते ‘लागू पडते’ याचे कारण साधे आहे. बहुतेक मोठे झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कुणीतरी धावत चप्पल आणायला जातो, कुणी गर्दी हटवतो, चप्पल नाकाशी लागेपर्यंत झटका ओसरत आलेला असतो. श्रेय चपलेला मिळते. विद्यार्थीही याच घरांतून आलेला असतो; त्याने लहानपणी काकाला किंवा शेजाऱ्याला असे ‘बरे होताना’ पाहिलेले असते. एका ओळीत ‘असे करू नये’ सांगून हे पुसले जात नाही. घड्याळ लावून झटका बघायला शिकवले, तर जाते. कुशीवर वळवणे, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवणे, गळ्याशी कपडा सैल करणे, तोंडात काही न घालणे आणि पाच मिनिटे उलटली तर तातडीने दवाखाना, हे शिकायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास बऱ्याच कॉलेजांत मिळत नाही.

झटका कसा सांगितला जातो, याचेही शिक्षण हवे. भंडाऱ्याच्या बाजूची आई सांगते, “पोरगा खेळता खेळता पडला जी, दातखिळी बसली, तोंडाले फेस आला.” विद्यार्थी विचारतो, किती वेळ? “अर्धा घंटा.” विद्यार्थी केसपेपरवर तीस मिनिटे लिहितो, आणि तीस मिनिटांचा झटका म्हणजे जीवघेणी आणीबाणी, तिची औषधेही वेगळी. आईने मात्र झटक्यानंतरची गुंगी आणि झोपही त्यात धरलेली असते. “हातपाय झाडणे कधी थांबले? तेव्हा तुम्ही काय करत होता?” असे विचारले तर अर्ध्या घंट्याची दोन मिनिटे होतात. डोळे उघडे होते की गच्च मिटलेले, कपडे ओले झाले का, जीभ चावली का, असे चार प्रश्न नीट विचारले तर खरा झटका आणि मानसिक ताणातून आलेला झटका यांतला फरक बराचसा ईईजीशिवाय करता येतो. हल्ली घरच्यांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओही असतो. तो मागून बघायचा, हे शिकवणाऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी नशीबवान.

अभ्यासक्रमात हे कुठे बसते ते पाहू. २०१९ पासून देशात क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. बालरोगात अपस्माराची आणि तापातल्या झटक्यांची उद्दिष्टे स्पष्ट लिहिलेली आहेत, औषधशास्त्रात झटक्यांवरची औषधे आहेत. पण मेडिसिनच्या यादीत तेव्हा २६ विषय होते. त्यांत डोकेदुखी होती, पक्षाघात होता, हालचालींचे विकार होते, सर्पदंश होता. अपस्मार या नावाचा स्वतंत्र विषय नव्हता. मोठ्या माणसाची मिरगी मग शिकायची कुठे, तर शिक्षक दयाळू असेल आणि वॉर्डात केस असेल तर. फेनोबार्बिटोन १९१२ पासून, फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे; ही औषधे कुठल्या मार्गाने काम करतात ते विद्यार्थी घडाघडा सांगतो. गोळी कधी बंद करायची, लग्न ठरल्यावर मुलीने गोळी थांबवली तर काय होईल, गरोदरपणात व्हॅल्प्रोएट का टाळायचे आणि फॉलिक ॲसिड कधीपासून द्यायचे, या प्रश्नांवर तो थबकतो. खेड्यातल्या मुलीच्या आयुष्यात मात्र हेच प्रश्न आधी येतात. गोळीमुळे झटके बंद झाले की घरचे समजतात रोग गेला. दोन वर्षे झटका आला नाही तर डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करण्याचा विचार करता येतो. एका दिवसात बंद केलेली गोळी माणसाला सलग झटक्यांच्या दारात नेऊन ठेवते.

कारणांच्या बाबतीतही पुस्तकी उत्तर आणि भोवतालचा प्रदेश यांची सांगड घालायला हवी. आपल्या देशात झटक्यांचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूत बसलेली डुकराच्या टेपवर्मची अळी. वेल्लोर जिल्ह्यातल्या २००६ च्या अभ्यासात चालू अपस्माराच्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांत हे कारण निघाले. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसे होईल?’ हा प्रश्न पेशंट विचारतो आणि कधी विद्यार्थीही. डुकराचे अर्धेकच्चे मटण खाणाऱ्याच्या आतड्यात जंत होतो. त्या जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हाताने, मातीतल्या भाजीने, उघड्यावरच्या पाण्याने कुणाच्याही पोटात जातात. मेंदूत अळी पोचते ती या अंड्यांतून. ज्या गावात डुकरे मोकाट फिरतात आणि लोक अजून उघड्यावर जातात, तिथे ही गोष्ट औषधशास्त्राच्या दहा पानांहून जास्त कामाची आहे. अवघड बाळंतपणात बाळाला कमी पडलेला प्राणवायू, लहानपणीचा मेंदूज्वर, रस्त्यावरच्या अपघातात लागलेले डोके, ही आणखी कारणे, आणि ही सगळी बरीचशी टाळता येण्यासारखी.

उपचारांची तफावत, म्हणजे उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण, भारतात २२ ते ९५ टक्के इतकी सांगितली जाते. शहरातल्या सुस्थित वस्तीत पाचातला एक उपचाराविना, तर काही खेड्यांत जवळजवळ सगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात पाच कोटी माणसांना अपस्मार आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत झटक्यांविना जगू शकतात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दोष रोगाकडे फारसा जात नाही.

मला वाटते, विद्यार्थ्याच्या दृष्टिकोनाचा मूळ पेच त्याला दिसणाऱ्या पेशंटांत आहे. तो मिरगीचा माणूस पाहतो तो कॅज्युअल्टीत: रात्री दोनला आणलेला, सलग झटके घेणारा, गोळ्या सोडलेला, बरोबर घाबरलेले दहा नातेवाईक. किंवा वॉर्डात, मेंदूला इजा झालेले मूल. जो माणूस सकाळी एक गोळी घेऊन सातच्या बसने कामावर जातो, जी बाई दोन मुलांची आई आहे, शाळेत शिकवते, ती माणसे त्याला दिसतच नाहीत. कारण ती ओपीडीत पाच मिनिटे येऊन चिठ्ठी नव्याने लिहून घेऊन निघून जातात, आणि बाहेर कुणाला सांगत नाहीत. सर्वांत वाईट नमुना बघून विद्यार्थी अख्ख्या आजाराचे मत बनवतो. मग ‘लग्न कराल का?’ याचे उत्तर काय येणार? शिवाय मिरगी ‘डोक्याचा आजार’ म्हणून मानसोपचाराच्या खोलीतून गोळ्या मिळण्याची पद्धतही जुनी आहे. १९८० च्या दशकात बेल्लारीत सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अपस्माराचे रुग्णही होते. हेतू चांगला होता, गोळ्याही पोचल्या. पण बाहेर रांगेत उभे राहणाऱ्याला गावाने दिलेले नाव वेगळेच असते, आणि विद्यार्थीही त्या खोलीवरची पाटी वाचतो.

कलंकाचे दोन पदर असतात हे ग्रॅहम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स यांनी १९८६ मध्ये लंडनजवळच्या रुग्णांच्या अभ्यासातून मांडले. एक, लोकांनी प्रत्यक्ष केलेला भेदभाव. दुसरा, भेदभाव होईल या धास्तीने माणसाने स्वतःच लपवणे. त्यांना दुसराच जास्त छळणारा आढळला. आपल्याकडे लपवायला कारणे भरपूर आहेत, आणि काही कारणे सरकारी कागदावर छापलेली आहेत. वाहन परवान्याच्या शारीरिक क्षमतेच्या घोषणापत्रात अपस्मार आहे का असा सरळ प्रश्न आहे. दहा वर्षे झटका नसलेल्यालाही तो तसाच. २०१९ मध्ये विमा नियामकाने ज्या आजारांना कायमचे वगळण्याची मुभा कंपन्यांना दिली, त्यांत अपस्मार होता. खाणकामगाराची नोकरीवर घेताना आणि पुढे ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी होते. चिखल्याच्या भुयारात उतरणाऱ्या माणसाला कधीमधी झटका येत असेल तर तो त्या तपासणीत खरे बोलेल का? खाणीत झटका येणे खरोखर धोक्याचे आहे, म्हणून नियमही वाजवी आहे. पण त्या माणसाला पृष्ठभागावरचे काम मिळेल असा भरवसा कुणी दिला तर त्याची जीभ सुटेल. हे बोलणे करावे लागते ते डॉक्टरलाच. कॉलेजात ते कुणी शिकवलेले नसते.

लग्नाच्या बाबतीत कायदा पुढे गेला आणि शिकवणे मागे राहिले. हिंदू विवाह कायद्यात वधूवराला वारंवार अपस्माराचे झटके येत नसावेत अशी अट वेडाच्या झटक्यांच्या शेजारीच लिहिलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार त्यातून काढला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पत्नीच्या अपस्माराच्या आधारे घटस्फोट मागणाऱ्या पतीचे अपील फेटाळले. अपस्मार हा असाध्य आजार नाही आणि मानसिक विकारही नाही, असे न्यायालयाने म्हटले. भंडारा जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. गावात मात्र मुलगी बघायला आलेल्यांना काय सांगायचे यावरच घर अडून बसते, आणि डॉक्टरांना विचारले तर डॉक्टर म्हणतो, “सांगू नका.” तो सल्ला मोठा घातक. लग्नानंतर गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, चुकतात, झटका सासरी येतो आणि फसवणुकीचा वाद तिथून उभा राहतो.

यावर पुण्यात यशोदा वाकणकर यांनी काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. स्वतः हा आजार अनेक वर्षे सोसलेल्या यशोदाताईंनी ‘संवेदना’ हा स्वमदत गट सुरू केला; रुग्ण आणि घरचे एकत्र बसून बोलतात आणि अपस्मार असलेल्यांची लग्ने उघडपणे जुळवण्याचे कामही तिथे चालते. मुंबईच्या डॉ. निर्मल सूर्य यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्याच्या ग्रामीण भागांत तपासणी शिबिरे घेतली आहेत. अशा बैठकीत विद्यार्थ्यांना श्रोता म्हणून एक दुपार बसवले तर जे होईल ते कुठल्याही व्याख्यानाने होणार नाही. परदेशांतल्या काही कॉलेजांत अपस्मार असलेली माणसेच वर्गात येऊन शिकवतात. आपल्या अभ्यासक्रमात दृष्टिकोन, नीतिमूल्ये आणि संवाद यांसाठी वेगळे तास आता आहेतच. ते कोरडे जातात अशी तक्रार विद्यार्थी करतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात पहिल्या वर्षापासून विद्यार्थी खेड्यातल्या घरी जातात. तिथे रक्तदाब आणि हिमोग्लोबिन मोजतात. घरात कुणाला फिट येते का, हा प्रश्न त्याच कागदावर टाकायला पैसा लागत नाही. फक्त विचारणाऱ्याने ओट्यावर बसून, आवाज खाली ठेवून विचारावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सभासद देशांनी २०२२ मध्ये अपस्मारासाठी २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मान्य केला. उपचारांची व्याप्ती निम्म्याने वाढवायची आणि अपस्मार असलेल्यांच्या हक्कांचे कायदे ८० टक्के देशांनी करायचे किंवा सुधारायचे, असे त्यात आहे. ती मुदत संपेल त्या सुमारास भंडाऱ्याची पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून बाहेर पडलेली असेल.

आणि या सगळ्या पाहण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: प्रश्नावली भरणारा निरोगी, आजार दुसऱ्याचा. हजारी साडेपाचाचा हिशेब कॉलेजलाही लागू आहे. शंभराच्या सगळ्या तुकड्या भरल्या की त्यांत मिरगीच्या गोळ्या घेणारी दोन-तीन मुले असायचीच, आणि ती हॉस्टेलच्या खोलीत गोळी घेताना दार लावत असणार. अपुरी झोप हे झटक्याचे ओळखीचे निमित्त आहे आणि इंटर्नशिप म्हणजे रात्रपाळ्या. ड्यूटीची यादी लावणाऱ्या सरांना ही गोष्ट सांगता येईल का, हा प्रश्न मी तरी आजवर एकाही प्रश्नावलीत वाचलेला नाही. तो घालावा, आणि उत्तर निनावी घ्यावे.